हरलो? मग मॅच फिक्स होती!

आपल्याकडे क्रिकेटचे सामने दोनच प्रकारचे असतात. आपण जिंकतो तो खेळ, आणि आपण हरतो ती फिक्सिंग. समोरचे अकरा जण त्या दिवशी आपल्यापेक्षा बरे खेळले, अशी तिसरीही एक शक्यता असते म्हणतात. पण मराठी दिवाणखान्यात ती कोणी बोलून दाखवल्याचं माझ्या ऐकिवात नाही. दाखवली असलीच, तर त्याला नंतर चहा विचारला गेला नसावा.

पुण्यातले आमचे एक मामा या शास्त्रातले अधिकारी पुरुष. संघ हरायला लागला की ते चष्मा काढतात, सदऱ्याच्या टोकाने काचा पुसतात आणि 'वास येतोय' एवढंच म्हणतात. मग मामी उठून गॅस बघून येतात. वर्षानुवर्षं हे असंच चाललंय. जिंकलेल्या सामन्यात मामांना आजवर कधी वास आलेला नाही.

मामांच्या नाकाला खरी धार आली ती एप्रिल २००० मध्ये. दिल्ली पोलिसांनी दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार हॅन्सी क्रोनिए आणि एका सटोडियाचं फोनवरचं बोलणं जाहीर केलं आणि देशभरातल्या मामांनी जुन्या सामन्यांचं उत्खनन सुरू केलं. ज्याला इतके दिवस नशीब म्हणत होतो तो प्रत्येक धावबाद पुराव्यांच्या यादीत गेला. शारजात सुटलेले झेल पुन्हा तपासायला घेतले गेले. १९९६ ची ईडन गार्डन्सवरची उपांत्य फेरी, म्हणजे नाणेफेक जिंकून घेतलेलं क्षेत्ररक्षण, एक बाद ९८ वरून आठ बाद १२०, पेटलेले कागद आणि रडत बाहेर येणारा विनोद कांबळी, हिची तर मामांनी मनातल्या मनात वेगळी फाईलच उघडली. त्या सामन्याबद्दल कधीच काही सिद्ध झालेलं नाही, हे मी त्यांच्या कानावर घातलं. ''सिद्ध झालं नाही, हाच पुरावा,'' मामा म्हणाले. यापुढे वकिलांनी काय बोलावं?

तर अशा घरात 'इनसाइड एज' ही मालिका येऊन पडली, तीही अगदी मुहूर्त साधून. १० जुलै २०१७. त्याआधी दोनच महिने पुण्याच्या काळजावर घाव बसला होता. रायझिंग पुणे सुपरजायंट हा आयपीएलचा संघ पुण्याला मिळाला तोच मुळी फिक्सिंगच्या कृपेने. २०१३ च्या सट्टेबाजी प्रकरणानंतर न्या. लोढा समितीने जुलै २०१५ मध्ये चेन्नई आणि राजस्थान या दोन संघांना दोन वर्षांसाठी निलंबित केलं. रिकाम्या झालेल्या दोन जागांपैकी एक पुण्याला आली, दुसरी राजकोटला. दुसऱ्याच्या पापातून आपल्याला पुण्य लाभण्याचे योग पुण्याच्या नशिबात तसे कमीच. पहिल्या वर्षी संघाचं नाव 'सुपरजायंट्स' होतं आणि तो आठांत सातवा आला. दुसऱ्या वर्षी नावातला शेवटचा 'स' काढून टाकला आणि संघ थेट अंतिम फेरीत गेला. क्रिकेटचं विश्लेषण करणाऱ्यांनी या 'स'चा अभ्यास अजून केलेला नाही. २१ मे २०१७ ला हैदराबादेत अंतिम सामना झाला. मुंबईच्या १२९, पुण्याच्या १२८. पुणेकर हरले, तेही मुंबईकडून, तेही एका धावेने. एवढं सहन करायला माणसाला काहीतरी आधार लागतो. मामांनी चष्मा काढला. मामी गॅस बघायला उठल्यासुद्धा नाहीत.

आणि जुलैत ही मालिका आली. ॲमेझॉन प्राइमची भारतातली ही पहिली हिंदी मालिका. बऱ्याच घरांनी तेव्हा वर्षाला ४९९ रुपये भरून प्राइम घेतलं होतं ते पार्सल लवकर यावं म्हणून. मालिका त्याबरोबर आल्या, साबणाच्या चुऱ्यासोबत स्टीलची वाटी येते तशा. मामांनी डास मारायची रॅकेट मागवली होती. रॅकेट यायच्या आत त्यांचे पाच भाग बघून झाले होते.

करण अंशुमन यांनी रचलेली ही मालिका 'पॉवर प्ले लीग' नावाच्या वीस षटकांच्या स्पर्धेची आणि 'मुंबई मॅव्हरिक्स' नावाच्या संघाची आहे. संघाची मालकीण झरीना मलिक (रिचा चढ्ढा) ही उतरणीला लागलेली नटी. स्पर्धेच्या तोंडावर प्रायोजक पळतो आणि पैशाची पेटी घेऊन विक्रांत धवन (विवेक ओबेरॉय) दारात उभा राहतो. पैसा फुकट येत नाही, हे प्रेक्षकाला पहिल्या भागात कळतं, झरीनाला बऱ्याच उशिरा. संघात वायू राघवन (तनुज विरवानी) हा गुणी पण उडाणटप्पू फलंदाज आहे. देवेंदर मिश्रा (अमित सियाल) हा आतून पोखरलेला गोलंदाज आहे. प्रशांत कनौजिया हा उत्तर प्रदेशातून आलेला बुजरा वेगवान पोरगा आहे. ही भूमिका करणारा सिद्धांत चतुर्वेदी पुढे 'गली बॉय'मुळे घराघरांत पोचला. लॅपटॉपला चिकटलेली विश्लेषक रोहिणी (सयानी गुप्ता) आहे. तिच्या पडद्यावर सतत आकडे हलतात आणि तरीही संघात काय शिजतंय ते तिला आकड्यांतून कळत नाही. आणि अरविंद वशिष्ठ हा सरळमार्गी कर्णधार आहे. कर्णधार झालाय अंगद बेदी, बिशनसिंग बेदींचा मुलगा.

या निवडीवर मामा बेहद्द खूश. बेदींनी १९७८ साली साहिवालला पाकिस्तानविरुद्धचा एकदिवसीय सामना भर मैदानात सोडून दिला होता. १४ चेंडूंत २३ धावा हव्या होत्या, आठ गडी हातात होते. पण सर्फराज नवाज डोक्यावरून चेंडू टाकत राहिला आणि पंच बघत राहिले. बेदींनी फलंदाजांना परत बोलावलं. जाणूनबुजून हरलेला हा सामना मामांना मान्य आहे, कारण तो सगळ्यांसमोर आणि एक पैसा न घेता हरला होता. ''हरायचं तर असं!'' मामा म्हणतात. त्यांच्या तोंडून पराभवाची स्तुती मी एवढीच ऐकली.

मालिकेच्या सुरुवातीला एक पाटी येते. पात्रं काल्पनिक आहेत, साधर्म्य आढळल्यास तो योगायोग समजावा वगैरे. ही पाटी कायदेशीर संरक्षणासाठी असते, असा निर्मात्यांचा गैरसमज आहे. मराठी प्रेक्षक ती वाचून सावरून बसतो. ''बघ, म्हणजे खरं आहे!'' मग कोणतं पात्र म्हणजे प्रत्यक्षात कोण, यावर आमच्याकडे ताटातली भाजी गार व्हायची. मामांकडे प्रत्येकाचं उत्तर तयार होतं. ती नावं मी इथे देत नाही. मामांना पेन्शन आहे, मला नाही.

क्रिकेटबद्दलच्या हिंदी कथांना एक जुनी खोड आहे. त्यांतला कोणताही सामना शेवटच्या चेंडूच्या आधी संपत नाही. इथेही तेच. प्रत्यक्ष स्पर्धेतला अर्धा वेळ गोलंदाज पावलं मोजत मागे जाण्यात, यष्टिरक्षक हातमोजे आपटण्यात आणि कर्णधार मिडऑफला एक पाऊल डावीकडे सरकवण्यात जातो. मालिकेत एवढा वेळ कोणालाच नाही. कारण खेळाडूंना सामन्याखेरीज कामं फार. अंमली पदार्थ, बेडरूम, धमक्या, ब्लॅकमेल, खून, आणि मधूनच सराव. तो बिचारा प्रशिक्षक या सगळ्यातून संघाची बैठक कधी घेतो, हाच मला पडलेला सर्वांत मोठा प्रश्न होता.

शिवाय एका षटकात ठरावीक धावा द्यायला लावण्यासाठी ही मंडळी किती राबतात! माणूस हेरायचा, त्याची दुखरी नस शोधायची, त्याचा गुप्त व्हिडिओ मिळवायचा, मग त्याच्या हॉटेलात खोली घ्यायची. आमच्या सोसायटीच्या स्पर्धेत आमचे सेक्रेटरी एका षटकात चोवीस धावा स्वखुशीने देतात. त्यांना कोणी धमकावल्याचं ऐकिवात नाही. उलट पुढचं षटक त्यांनी टाकू नये म्हणून धमकवावं लागतं.

पण मालिकेने आम्हा मराठी लोकांना खरा धक्का दिला तो दुसऱ्या हंगामात. पडद्यामागून क्रिकेटचं अख्खं साम्राज्य चालवणारे 'भाईसाब' (आमिर बशीर) तिथे पुरते उजेडात येतात, आणि त्यांचं नाव निघतं यशवर्धन पाटील. पाटील! मामा उठून उभे राहिले. गुन्हेगारी विश्वातल्या मालिकांत आपल्या वाट्याला नेहमी हवालदार शिंदे नाहीतर खबऱ्या पांडू येतो. इथे सर्वात वरच्या खुर्चीवर आपला माणूस! एक बारीकशी हरकत मामींनी घेतली. पाटलांना कोणी भाईसाब म्हणतं का? दादा म्हणतील, आबा म्हणतील, फार तर साहेब म्हणतील. हे लेखकाने महाराष्ट्रात येऊन विचारायला हवं होतं.

मात्र आडनाव त्याने विचार करून ठेवलं असणार, असं मला राहून राहून वाटतं. मराठी माणूस धंद्यात मागे असेल. क्रिकेट मंडळाच्या बैठकीत तो कधी मागच्या खुर्चीवर बसलेला नाही. शेषराव वानखेडे बोर्डाचे अध्यक्ष झाले, शशांक मनोहर झाले, शरद पवार बोर्डावरून थेट आयसीसीच्या अध्यक्षपदावर गेले. आणि आपल्याकडच्या निवडणुकांची तर स्वतंत्र मालिका व्हावी. २००१ साली मुंबई क्रिकेट असोसिएशनच्या अध्यक्षपदासाठी अजित वाडेकर उभे राहिले. १९७१ मध्ये वेस्ट इंडिज आणि इंग्लंड या दोघांना त्यांच्या घरात जाऊन हरवणारा कर्णधार. समोर होते शरद पवार. वाडेकर हरले. २०११ साली उभे राहिले लॉर्ड्‌सवर तीन कसोटी शतकं ठोकणारे दिलीप वेंगसरकर, समोर विलासराव देशमुख. वेंगसरकर हरले. यात कुठेही काही गैर नव्हतं, रीतसर मतदान झालं. पण खेळपट्टी ओळखणारा आणि मतदार ओळखणारा यांच्यातला सामना कसा होतो, हे कळायला एवढे दोन स्कोअरकार्ड पुरे आहेत. 'इनसाइड एज'च्या लेखकांनी ही पानं चाळली असती, तर त्यांना पिस्तुलांची गरज पडली नसती.

खरी गोम इथेच आहे. मालिका बघून वाटतं की भ्रष्टाचार फार झगमगीत असतो. सत्य इतकं फाटकं आणि स्वस्त निघालं आहे की ते पडद्यावर दाखवलं तर निर्माताच विचारेल, एवढंच?

क्रोनिएचंच घ्या. जानेवारी २००० मध्ये सेंच्युरियनला इंग्लंडविरुद्धच्या कसोटीचे तीन दिवस पावसात वाहून गेले. शेवटच्या दिवशी क्रोनिएने नासिर हुसेनपुढे प्रस्ताव ठेवला. दोघांनी एकेक डाव सोडून द्यायचा आणि निकाल लावायचा. इंग्लंड दोन गड्यांनी जिंकलं. काय ही खिलाडूवृत्ती, म्हणून लोकांनी टाळ्या वाजवल्या. नंतर चौकशी आयोगापुढे कळलं की या वृत्तीची किंमत ५३ हजार रँड आणि एक चामड्याचं जॅकेट होती. जॅकेट! कसोटी क्रिकेटच्या इतिहासातला पहिला सोडून दिलेला डाव आणि बदल्यात अंगात घालायचं काहीतरी.

त्याआधी १९९४ मध्ये श्रीलंकेत मार्क वॉ आणि शेन वॉर्न यांना 'जॉन' नावाच्या एका भारतीय बुकीने गाठलं. एकाला चार हजार डॉलर, दुसऱ्याला पाच हजार. काम काय, तर खेळपट्टी कशी आहे आणि हवा कशी आहे ते सांगायचं. हवा! आमचे मामा बाल्कनीत उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला हवा फुकट सांगतात, वर छत्री घेऊन जा म्हणतात. हे ऐकल्यावर ते काही क्षण गप्प झाले. आयुष्यात आपण किती डॉलर वाया घालवले, याचा हिशेब त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता.

२०१० मध्ये लॉर्ड्‌सवर पाकिस्तानच्या गोलंदाजांनी ठरवून नो-बॉल टाकले. एका इंग्रजी वर्तमानपत्राच्या बातमीदाराने दीड लाख पौंड मोजून कोणते चेंडू नो-बॉल असतील ते आधीच विकत घेतलं होतं. ठरल्या चेंडूला पाय रेषेच्या इतका पुढे पडला की पंच सोडा, आमच्या सोसायटीचा वॉचमनही हात आडवा करेल. पुढच्या वर्षी तिघे खेळाडू तुरुंगात गेले. २०१३ च्या आयपीएल प्रकरणात दिल्ली पोलिसांचा आरोप होता की गोलंदाजाने कमरेला टॉवेल खोचणं ही बुकींसाठी खूण होती. २०१५ मध्ये न्यायालयाने त्या खेळाडूंना आरोपमुक्त केलं. टॉवेलाला मात्र कोणी आरोपमुक्त केलं नाही. आजही कुणाच्या कमरेला रुमाल दिसला की आमच्याकडे सोफ्यावरचे सगळे जण पुढे सरकून बसतात. तो बिचारा घाम पुसत असतो.

या धंद्याची रीतही ऐकून घ्या, म्हणजे मालिकेतला बुकी फोनवर काय पुटपुटतो ते कळेल. हारजीत हा झाला किरकोळ सट्टा. खरी उलाढाल 'सेशन'ची. पहिल्या सहा षटकांत किती धावा होतील, यावर बुकी दोन आकडे देतो, समजा ४६-४७. तेवढ्या होतील वाटणारा 'यस' म्हणतो, होणार नाहीत वाटणारा 'नो'. मग कोण जिंकलं याच्याशी दोघांनाही देणंघेणं नसतं. म्हणूनच अख्खा संघ विकत घ्यायची जरूर पडत नाही. एक गोलंदाज, एक षटक, दोन वाइड, एक आखूड चेंडू. संघ जिंकतो, माणूस नायक ठरतो आणि पैसेही मिळतात. मामांचा सारा सिद्धान्त इथे कोसळतो. फिक्सिंग झाली तर ती जिंकलेल्या सामन्यातही होऊ शकते! मी हे त्यांना सांगून बघितलं. ''जिंकल्यावर कशाला उकरायचं?'' ते म्हणाले.

आणखी एक गोष्ट मालिकेने घराघरांत नेली, ती म्हणजे वेळेतला फरक. मैदानात चेंडू पडतो आणि टीव्हीवर दिसतो, यांत काही सेकंद जातात. मोबाइलवरच्या प्रक्षेपणात तर आणखी जास्त. तेवढ्या अवधीत मैदानात बसलेला सट्टेबाजांचा माणूस फोनवर एक शब्द बोलतो आणि बाहेर भाव बदलतात. हे तंत्र समजायला आमच्या इमारतीत कोणालाही त्रास झाला नाही. वरच्या मजल्यावर केबल आहे, आमच्याकडे ॲप. वर 'आऊऽऽट' असा गलका होतो तेव्हा आमच्याकडे गोलंदाज चेंडूला थुंकी लावायची नाही हे आठवून पँटला घासत असतो. मामा आमच्याकडे मुक्कामाला आले की या सोयीचा पुरेपूर लाभ घेतात. वरचा आवाज ऐकायचा, डोळे मिटायचे आणि गंभीरपणे म्हणायचं, ''हा जाणार.'' तो जातो. समोरच्या बिऱ्हाडातल्या दोन मुलांचा मामांवर अजून अढळ विश्वास आहे.

हरणाऱ्याला फिक्सिंग का हवी असते, याचा उत्तम दाखला श्रीलंकेने दिला. २०११ चा वानखेडेवरचा विश्वचषक अंतिम सामना त्यांनी आपल्याला 'विकला', असा आरोप २०२० मध्ये तिथल्याच माजी क्रीडामंत्र्यांनी केला. पोलिसांनी संगकारा, अरविंद डिसिल्व्हा यांना बोलावून जबाब घेतले, आणि पुरावा नाही म्हणून चौकशी बंद केली. आपल्याकडे या बातमीवर काय संताप! धोनीचा षटकार फिक्स? गंभीरच्या ९७ धावा फिक्स? मामा तर थरथरत होते. मी हळूच म्हटलं, त्या सामन्यात नाणेफेक दोनदा झाली होती. गलक्यात संगकाराने काय मागितलं ते सामनाधिकाऱ्याला ऐकूच गेलं नाही, म्हणून नाणं पुन्हा उडवलं. आपण हरलो असतो तर एवढ्या एका गोष्टीवर तुम्ही पुस्तक लिहिलं असतंत. मामांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. वास आला नाही.

कोलंबोतही एखादे मामा असणार. सिंहलीत चष्मा पुसत असणार.

पण फिक्सिंगचा कळस मुंबईत झाला नाही, दुबईत नाही आणि 'इनसाइड एज'मध्येही नाही. तो झाला जुलै २०२२ मध्ये गुजरातेत, मेहसाणा जिल्ह्यातल्या मोलीपूर नावाच्या गावात. खरी आयपीएल संपून काही आठवडे झाले होते. तिथे एक शेत भाड्याने घेतलं गेलं. खेळपट्टी केली, हॅलोजनचे दिवे लावले, कॅमेरे आणले. गावातले शेतमजूर आणि रिकामटेकडी पोरं मिळून एकवीस जण गोळा केले आणि त्यांना चेन्नई, मुंबई, गुजरात या संघांच्या जर्सी आळीपाळीने घालायला दिल्या. मजुरी सामन्याला चारशे रुपये. हे सामने यूट्यूबवर 'आयपीएल' म्हणून थेट दाखवले आणि त्यावर पैसे कोणी लावले? रशियातल्या त्वेर, वोरोनेझ आणि मॉस्कोतल्या लोकांनी.

क्षणभर डोळ्यांपुढे आणा. बाहेर पुतीनचं युद्ध चाललंय आणि त्वेरमधला एक गृहस्थ थंड बिअर घेऊन मेहसाण्याच्या शेतमजुराकडून षटकाराची अपेक्षा करतोय. प्रेक्षकांचा गलका इंटरनेटवरून उतरवून घेतलेला. मैदान पूर्ण कधी दाखवायचं नाही, कारण प्रेक्षक नाहीत, शेजारी दुसऱ्याचं शेत आहे. पंचांच्या हाती वॉकीटॉकी. वरून हुकूम यायचा, आता चौकार, आता बाद. पंच खूण करायचा, गोलंदाज हळू चेंडू टाकायचा आणि फलंदाज सांगितलेलं काम करायचा. समालोचनासाठी मेरठचा एक नकलाकार बसवला होता, तो हर्षा भोगलेंच्या आवाजात बोलायचा. आमच्या मराठी माणसाचा यात एवढाच हात, आणि तोही त्याच्या नकळत. स्वतः भोगलेंना ही बातमी वाचून हसू आवरेना, असं त्यांनी जाहीरपणे सांगितलं.

पोलिसांनी धाड घातली तेव्हा स्पर्धा उपउपांत्य फेरीपर्यंत पोचली होती. म्हणजे गुणतक्ताही नीट भरला जात असणार. माझं प्रामाणिक मत आहे की जगातली एवढी शिस्तबद्ध क्रिकेट स्पर्धा दुसरी झाली नाही. एकाही खेळाडूला कोणी बुकी विकत घेऊ शकला नसता, सगळे आधीच रोजंदारीवर होते. एकाही कर्णधाराने पंचांशी हुज्जत घातली नाही. या प्रकरणावर मामांचं मत मी मुद्दाम विचारलं. त्यांनी बातमी दोनदा वाचली आणि म्हणाले, ''चारशे रुपये फार कमी आहेत. उन्हात उभं राहायचं म्हणजे.''

आता थोडं आपल्याकडेही बघू. महाराष्ट्रात जुगारबंदीचा कायदा १८८७ चा आहे. महालक्ष्मीला घोड्यावर पैसे लावणं रीतसर, त्याच मुंबईत फलंदाजावर लावणं गुन्हा. घोडा कौशल्याने पळतो आणि फलंदाज नशिबाने, असा काहीसा हिशेब असावा. न्या. लोढा समितीने २०१६ मध्ये सट्टा कायदेशीर करून त्यावर देखरेख ठेवा, असं सुचवलं. ते झालं नाही. मधल्या मधे ॲपवाले आले. स्वतःचा संघ निवडा, ४९ रुपये भरा, कोटी जिंका. जाहिरातीत आपलेच लाडके खेळाडू. आणि शेवटी आर्थिक जोखमीची, सवय लागण्याची सूचना अशा वेगाने म्हणून टाकायची की ऐकणाऱ्याला वाटावं सहस्रनामाचं आवर्तन चाललंय. 'टीम लावली का?' हा ऑफिसातला सकाळचा नमस्कार झाला. खेळाडूंवर रोज संशय घेणाऱ्या आमच्या मामांनी त्याच खेळाडूंवर गुपचूप ४९ रुपये लावले होते, हे मामींना बँकेच्या मेसेजवरून कळलं. तो आमच्या घरातला पहिला भ्रष्टाचारविरोधी पथकाचा छापा. अशाच एका ॲपचं नाव भारतीय संघाच्या छातीवर होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा आला आणि ते नाव छातीवरून उतरलं.

मालिकेबद्दल शेवटी सांगायचं तर, २०१८ च्या आंतरराष्ट्रीय एमी पुरस्कारासाठी तिला उत्तम नाट्यमालिका म्हणून नामांकन मिळालं होतं. पुरस्कार गेला स्पेनच्या 'मनी हाइस्ट'ला, टांकसाळ लुटणाऱ्यांच्या गोष्टीला. मामांचं यावरचं म्हणणं वाचकांनी ओळखलं असेलच.

तीन हंगाम झाले, शेवटचा डिसेंबर २०२१ मध्ये आला. पहिला जरूर बघा. तो धावतो, आणि झरीना, मिश्रा, प्रशांत ही माणसं खरी वाटतात. दुसऱ्यात सगळेच कट करू लागतात. कोणी कोणाला फसवलं याची नोंद ठेवायला रोहिणीचा लॅपटॉप मागून घ्यावा लागतो. तिसऱ्यात भारत-पाकिस्तान कसोटी सामने आहेत. कसोटी बघायची सवय असलेल्यांनीच त्या वाटेला जावं. आणि घरात वडीलधारी मंडळी असतील तर हेडफोन लावून बघा. या मालिकेत चेंडूंपेक्षा शिव्या जास्त पडतात, आणि त्यांतली एकही वाइड जात नाही.